देखण्या नक्षीची किंमत

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा छोटेखानी अजगर अमेरिका-युरोपातील हौशी सर्पपालकांचा लाडका. जंगलात तो गडद तपकिरी, फिकट ठिपक्यांचा असतो. निवडक पैदाशीतून मात्र पांढरे, पिवळे, पट्टेरी असे असंख्य प्रकार बाजारात आले असून, दुर्मीळ नक्षीला मोठा भाव मिळतो.

यातील 'स्पायडर' हा प्रकार वादाचा विषय ठरला आहे. अमेरिकेत १९९९च्या सुमारास त्याची पैदास सुरू झाली. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी देणारे जनुकच या अजगराचा तोलही कमी-अधिक प्रमाणात बिघडवते. डोके थरथरते, भक्ष्यावरील नेम चुकतो. जनुक प्रभावी असल्याने जोडीतील एकच स्पायडर असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत ते उतरते. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या अजगरांच्या अंतर्कर्णाची रचनाच सदोष आढळली.

ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने त्याआधीच, २०१८पासून, आपल्या मेळाव्यांत स्पायडरच्या विक्रीस बंदी घातली होती. तरीही खासगी पैदास थांबलेली नाही. नक्षी आणि व्यंग वेगळे करता येत नसेल, तर मेळाव्यांतील बंदीपेक्षा ग्राहकाचा नकारच अधिक परिणामकारक ठरेल.