ठिपक्यांची शिल्लक

मानखुर्द स्थानकातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाची नजर एखाद्या दुकानावर क्षणभरच टिकते. त्या क्षणासाठी व्यापारी धावत्या अक्षरांची एलईडी पाटी घेतो. मात्र खरेदीच्या वेळी तो फूट मोजतो, ठिपके मोजत नाही. खर्च वाया जाण्याचे मूळ तेथेच असते.

पडद्यावरील प्रत्येक प्रकाशबिंदू म्हणजे पिक्सेल. ‘पी-१०’ नावाने मिळणाऱ्या पाटीत लगतच्या दोन ठिपक्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर असते. तिच्या ३२० बाय १६० मिलिमीटरच्या एका तुकड्यात रुंदीला ३२ व उंचीला १६ ठिपके बसतात. असे १० तुकडे ओळीने जोडले तर पाटी साडेदहा फूट लांब होते, पण उंचीचे ठिपके १६ च राहतात. रोमन अक्षरांना ते पुरतात. देवनागरीत वेलांटी व रेफ शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतो. ‘पूर्ती’ हा शब्द लिहिताना अक्षराच्या मुख्य अंगाला जेमतेम निम्मी उंची मिळते. मराठी नाव सुवाच्य हवे असेल, तर तुकड्यांची दुसरी ओळ घेऊन ३२ ठिपक्यांची उंची करावी.

पॉइंट हे छापखान्याचे माप. संगणकीय मुद्रणात १ इंचात ७२ पॉइंट धरतात. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरही इंचाला ७२ पिक्सेल होते. त्यामुळे दोन्ही मापे एकच असल्याचा समज रूढ झाला. आजचे पडदे कितीतरी दाट आहेत. चित्रासोबत ‘७२’ नोंदवले काय किंवा ‘३००’, पडदा केवळ एकूण पिक्सेल पाहतो. कागदाचा हिशेब वेगळा आहे: १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र इंचाला ३०० या प्रमाणात छापल्यास ६.४ इंचच भरते.

पडद्यावरील देवनागरीसाठी मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी मोलाचे काम केले. त्यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचला. परंतु उत्तम टंकालाही पुरेसे ठिपके लागतातच.

म्हणून पाटी ठरवताना रुंदी व उंचीचे पिक्सेल लेखी मागावेत आणि मजकूर त्याच मापात तयार करून घ्यावा. मालाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत; साध्या फोटोतील ठिपके वाटेतच घटतात. मूळ प्रत जपून ठेवावी. चित्र ताणल्याने नवा तपशील येत नाही. खात्यात जमाच नसलेली रक्कम काढता येत नाही, तसेच हे.