वास कोणाला येतो?

मागल्या पावसाळ्याच्या अखेरीस दादरा-नगर हवेलीतील रांधा या गावी चार दिवस राहण्याचा योग आला. माझा भाचा सेलवासच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीस असून बिऱ्हाड त्याने रांध्याला केले आहे. हा मुलूख आपल्या वाचकांस अगदीच परका नसावा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास पोर्तुगीजांच्या हातून सुटले आणि त्या धाडसात सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे सामील होते, ही गोष्ट जुन्या घरांतून अजून निघते. त्याच्याही मागे गेले तर एक गमतीची हकीकत आढळते. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज लढाऊ जहाज निकामी केले. त्याच्या नुकसानभरपाईदाखल, १७७९ च्या तहानंतर, १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे पेशव्यांकडून पोर्तुगीजांना मिळाली. जहाज बिघडवले म्हणून परगणा तोडून देणारे आपले पूर्वज! आणि त्याच परगण्यात माझ्या भाच्याला नव्याकोऱ्या मोटारीतल्या एका रबरी कड्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या.

मोटार घेऊन दहा महिने झाले होते. म्हणजे हमीची मुदत चांगली शिल्लक होती. तक्रार एवढीच की गाडीत पेट्रोलचा वास येई. येई तो सुनेला. भाच्याला येत नसे. दर रविवारी लेकराला मांडीवर घेऊन ती मागच्या बाकावर बसे आणि पाच मिनिटांत काच खाली करी. भाचा म्हणे, “नवी गाडी आहे, नव्या गाडीला वास असतोच.” पुढे पुढे तो म्हणू लागला, “तुला भास होतो.” शेवटी तिने गाडीत बसायचेच सोडले. सात महिन्यांचे मूल घेऊन ती रिक्षाने दवाखान्यात जाऊ लागली, आणि दारात मोटार उभी असताना सून रिक्षाने का जाते याची शेजारीपाजारी चर्चा सुरू झाली. मला हे कळले तेव्हा मीही भाच्याचीच बाजू घेतली, हे येथे कबूल केले पाहिजे. गाडीत बसून दोन वेळा हुंगून पाहिले, काही आले नाही, आणि बायकांच्या नाकाविषयी एक शिळा विनोदही केला.

तरी सुनेच्या आग्रहाने भाचा कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्रात तीनदा जाऊन आला होता. पहिल्या खेपेस टाकीचे झाकण घट्ट करून दिले. दुसऱ्या खेपेस दोष हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर गेला, यद्यपि गाडी त्याच पेट्रोलसाठी बनवली असल्याचे तिच्या पुस्तकात छापलेले होते. तिसऱ्या खेपेस गाडीला संगणक जोडला. संगणकाने काही दोष दाखवला नाही. कागदावर शेरा पडला: ‘तक्रार आढळली नाही.’ हे वाक्य मोठे सोयीचे आहे. आढळली नाही म्हणजे आम्हांस आढळली नाही, इतकाच त्याचा अर्थ. परंतु घरी येईपर्यंत त्याचा अर्थ ‘तक्रारच नाही’ असा होतो, आणि तक्रार करणारे माणूस खोटे पडते.

दुरुस्तीकेंद्राच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या दहांतल्या कित्येकांच्या गाडीत कुठेतरी थेंबभर पेट्रोल सांडलेले असते, एवढेच. शिवाय दिवसभर इंजिनांच्या गराड्यात वावरणाऱ्या मिस्त्र्याच्या नाकाने कधीच हात टेकलेले असतात. नाकाचा धर्मच असा आहे की, एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत ते त्याची दखल घेणे थांबवते. म्हणूनच रोज गाडी चालवणाऱ्याला वास येत नाही आणि आठवड्यातून एकदा बसणाऱ्याला येतो. भाच्याचे नाक निकामी नव्हते, सरावले होते. आपल्या घरात शिजणाऱ्या हिंगाचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तसेच हे. सारांश, या बाबतीत साक्ष पाहुण्याची घ्यावयाची, यजमानाची नव्हे. आमच्या घरात नेमके उलट झाले.

प्रकरणाचा निकाल लावला तो आमच्या अक्काने, म्हणजे भाच्याच्या आईने. ती माझ्याबरोबर बडोद्याहून आली होती. शहात्तर वर्षांची बाई; तिला मोटारीतले काही कळत नाही. परंतु दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत तिने तीस वर्षे पंपाचा स्टो पेटवला आहे, पिन मारली आहे, वॉशर बदलले आहेत. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे मागे बसलो आणि ती लगेच म्हणाली, “काठोकाठ भरलेल्या स्टोचा वास आहे हा. अर्धा असला की येत नाही. झाकणाचं वॉशर पाझरतंय कुठंतरी.” मग तिने बाकावर वाकून हुंगले आणि बोट खाली दाखवले.

येथे रांध्याची एक स्थानिक गोष्ट सांगितली पाहिजे. या केंद्रशासित प्रदेशात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते. त्यामुळे येणाराजाणारा टाकी नुसती भरत नाही, गळ्यापर्यंत भरतो. पंपाची नळी आपण होऊन ‘टक्’ करून थांबली तरी वर चार दणके देववितो. भाचाही स्थानिक होऊन तीच सवय शिकला होता. तो भरी शनिवारी संध्याकाळी. रविवारी वास. बुधवार-गुरुवारपर्यंत टाकी अर्ध्यावर येई, आणि दुरुस्तीकेंद्राची वेळ नेमकी तेव्हाची मिळे! तेथे गाडी पोहोचे ती अर्ध्या टाकीने आणि निर्दोष चेहऱ्याने. दोष लपवायचाच असता तर याहून चांगली व्यवस्था झाली नसती.

वास केव्हा येतो यावरून तो कोठून येतो हे बरेचसे ठरवता येते, आणि हे प्रत्येक मोटारवाल्याला ठाऊक असावयास हवे. टाकी भरलेली असतानाच येत असेल तर संशय टाकीच्या वरच्या अंगाचा: झाकण, भरण्याची नळी, टाकीवर बसवलेल्या पंपाचे रबरी कडे, किंवा पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा. हा डबा वाफेसाठी असतो, पेट्रोलसाठी नाही. गळ्यापर्यंत भरणाऱ्यांच्या गाडीत तो भिजून खराब होतो, हे त्या चार दणक्यांचे फळ. सकाळी थंड इंजिन सुरू करताना येत असेल तर इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या नळ्या व सांधे पाहावेत. बाहेरची हवा आत घेतली की येतो आणि बंद केली की थांबतो, असे असल्यास वास बहुधा पुढच्या बाजूने येत असतो. आणि गाडीखाली ओला डाग दिसला तर विचार करत बसू नये. गाडी सुरू करू नये, काडी ओढू नये, दुरुस्तीवाल्यास जागेवर बोलवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता खाली साचते.

सोमवारी भाच्याने रजा टाकली, टाकी भरली आणि गाडी तडक दुरुस्तीकेंद्रात नेली. या खेपेस कागदावर त्याने आपल्या हाताने लिहिले: टाकी पूर्ण भरल्यावर, मागच्या बाकावर, डाव्या बाजूस. पहिल्या तीन कागदांवर काय होते ते मी नंतर पाहिले. ‘वास येतो, तपासणे.’ बस्स. तीन खेपांत कोणी ‘केव्हा?’ म्हणून विचारले नव्हते आणि भाच्यानेही सांगितले नव्हते. मागचा बाक उचलला, खालचे गोल झाकण काढले, तो पंपाच्या कडेने धूळ ओली होऊन काळी पडलेली. रबरी कडे बसवतानाच एका जागी दुमडले गेले होते. नवे घातले. हमीत असल्यामुळे पैसा पडला नाही. काम तासाभराचे.

असले दोष एकट्यादुकट्या गाडीचे नसतात, हेही ध्यानात घ्यावे. २०१० साली मारुती सुझुकीने सुमारे १ लाख ए-स्टार मोटारी परत बोलावल्या त्या पंपाच्या अशाच एका गास्केटसाठी. २०१४ मध्ये १,०३,३११ गाड्या इंधन भरण्याच्या नळीसाठी. २०१९ मध्ये ४०,६१८ वॅगन-आर इंधनाच्या रबरी नळीसाठी. असे जाहीरपणे बोलावणे हे कंपनीला भूषणच आहे. परंतु तिच्यापर्यंत बातमी जाते ती दुरुस्तीकेंद्राच्या कागदावरून, आणि त्या कागदावर ‘आढळली नाही’ असे असेल तर बातमी तेथेच मरते. कायदा आता ग्राहकाच्या बाजूने बराच उभा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून अमलात आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मात्र आयोगापुढे नाक नेता येत नाही, कागद न्यावा लागतो. तेव्हा वाचकांनी आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी, आणि बरोबर ज्याला वास येतो त्यालाच न्यावे. माझ्या मते केंद्रांनीही ‘आढळली नाही’ हा शेरा मारण्यापूर्वी टाकी किती भरली होती आणि आत कोण बसून आले, हे लिहिण्याची सक्ती स्वतःवर करून घ्यावी. त्याला संगणक लागत नाही.

सुनेची माफी कोणी मागितली नाही. दुरुस्तीकेंद्राने नाही, भाच्याने नाही, आणि मीही विषय काढला नाही. पुढल्या शनिवारी टाकी ‘टक्’ झाल्याबरोबर थांबवून भाचा घरी आला, मागचे दार उघडून धरले आणि तिला म्हणाला, “जरा बसून बघतेस का? येतो का आता?”

ती मुलाला घेऊन बसली. काच वरच होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला काय विचारता? आईंना विचारा.”