मिठागरांवरची घरे आणि गिरण्यांवरचे मनोरे

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला. कांजूरच्या आर्थर मिठागराची १२०.५ एकर, कांजूरमार्ग-भांडुपच्या जेन्किन्स मिठागराची ७६.९ एकर आणि मुलुंडच्या जमास्प मिठागराची ५८.५ एकर, असा त्याचा हिशेब आहे. जमीन केंद्राची. ती राज्याने घ्यायची, तिची किंमत प्रकल्पाच्या कंपनीकडून वसूल करून केंद्राच्या तिजोरीत भरायची, आणि धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांच्यासाठी तेथे भाड्याची व परवडणारी घरे उभारायची. या कंपनीची रचना ठरली तेव्हा तिच्यात ८० टक्के भाग अदानी समूहाचा आणि २० टक्के शासनाचा होता. एवढ्यावरून प्रकल्प कोणाचा हे सांगण्याची गरज राहत नाही.

या निर्णयावर जो वाद माजला त्यात दोन तट पडले, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या चळवळीतही ते पडले आहेत. एक तट म्हणतो, मिठागरे वाचलीच पाहिजेत. दुसरा म्हणतो, माणसांना घरे नसताना पक्ष्यांची आणि पाणथळीची चिंता ही पोट भरलेल्यांची चैन आहे. गरिबाला कोठेही पक्के घर मिळत असेल तर समाजवाद्यांनी आडवे का यावे? हा दुसरा प्रश्न विचारणारे साथी आपलेच आहेत, त्यांनी वस्त्यांत आयुष्य घालवले आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरातील शंभरातील एक्केचाळीस माणसे झोपडपट्टीत राहत होती. ज्याने ते जिणे जवळून पाहिले आहे, त्याला घराचा कोणताही प्रस्ताव फेटाळताना जड जाणारच. म्हणूनच या प्रश्नाला घोषणेने नव्हे, युक्तिवादाने उत्तर दिले पाहिजे.

पण त्याआधी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. 'धारावी आमच्या मुलुंडमध्ये नको' अशी जी हाकाटी उपनगरांतील काही सुखवस्तू वसाहतींतून उठली, तिच्याशी आपला काडीचाही संबंध असता कामा नये. मोलकरीण हवी, वाहनचालक हवा, भाजीवाला दाराशी हवा, पण त्यांची घरे दृष्टीआड हवीत, ही वृत्ती पर्यावरणप्रेमाचा अंगरखा घालून आली तरी जातिवृत्तीच असते. मिठागरांच्या रक्षणासाठी अशांच्या सह्या गोळा करण्याचा मोह ज्यांना होत असेल त्यांनी तो आवरावा.

आता जमिनीविषयी. मिठागर म्हणजे ओसाड पडलेली, वाया गेलेली जमीन, असे शासकीय कागदांतून सूचित केले जाते. वस्तुतः ही खाजणाची, समुद्रसपाटीला लागून असलेली सखल भूमी. भरतीचे पाणी बांधातून आत घ्यायचे, वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचे आणि पावसाळ्यापर्यंत मीठ काढायचे, हा उद्योग पिढ्यान् पिढ्या येथे चालला. या किनाऱ्यावरील आगरी समाजाचे नावच आगरावरून आले असे मानतात. १९३० साली याच शहरात वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या होत्या, हेही आज फारसे कोणाला आठवत नाही. मीठ पिकवून झाल्यावर पावसाळ्यात ही भूमी दुसरे काम करते: शहरातून उतरणारे पाणी ती आपल्या अंगावर घेते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. भरती असते तेव्हा शहराचे नाले समुद्रात रिकामे होऊ शकत नाहीत. मध्यंतरीच्या तासांत पाण्याला थांबायला जागा लागते. ती नसेल तर पाणी वस्तीत थांबते.

शासनपक्षाचे म्हणणे असे की, हे तुकडे पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पश्चिमेस आहेत, महामार्गामुळे खाडीचे पाणी तेथे येणे थांबले आहे आणि मीठही कित्येक वर्षे पिकलेले नाही. क्षणभर हे सर्व मान्य करू. खाडीचे पाणी येत नाही म्हणून आभाळातले पाणीही येत नाही असे थोडेच आहे! डोंगराकडून खाडीकडे जाणारे पावसाचे पाणी महामार्गाच्या अलीकडे अडते ते याच सखल भागात. तेथे भराव टाकून जमीन उंच केली तर ते पाणी कांजूरच्या आणि भांडुपच्या जुन्या कामगार वस्त्यांत शिरेल; भराव टाकला नाही तर ज्यांना तेथे नेऊन बसवणार त्यांच्याच उंबऱ्याशी उभे राहील. म्हणजे मिठागर बुजवण्याची किंमत पक्ष्यांनी नव्हे, दोन्हीकडच्या गरिबांनीच चुकवायची आहे. जमिनीचे रक्षण ही येथे चैन नाही. ती घराच्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे.

'कोठेही घर' या सूत्राचा अनुभव या शहराने घेतलेला आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या उठवून हजारो कुटुंबांना माहुलला नेले. घरे पक्की होती, इमारती उंच होत्या, कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले होते. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते. माणसे आजारी पडली, रस्त्यावर उतरली, न्यायालयात गेली आणि अखेर पर्यायी घर किंवा भाडे द्या असे उच्च न्यायालयाला २०१९ साली सांगावे लागले. धारावीच्या प्रकल्पाला मिठागरांखेरीज देवनारच्या कचराभूमीचीही १२४ एकर जमीन देण्यात आली, हे येथे ध्यानात घ्यावे. कचराभूमी, मिठागर, कारखान्यांची कुशी: गरिबासाठी निवडलेल्या जागांची यादी वाचली की राज्यकर्त्यांचे अर्थशास्त्र आपोआप कळते.

आणि 'अपात्र' म्हणजे तरी कोण? १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मोफत मिळणार. २००० ते २०११ या काळात आलेल्याला धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचे घर, अडीच लाख रुपये भरून. त्यानंतरचे आणि वरच्या माळ्यावर राहणारे, त्यांना बाहेरच भाड्याचे घर. खाली चामड्याचा कारखाना, वर कारागिराचे बिऱ्हाड, ही धारावीची रचना आहे. त्या कारागिराचा अपराध एवढाच की तो शिडी चढून झोपायला जातो. त्याचे काम धारावीत, गिऱ्हाईक धारावीत, उधारीवर माल देणारा धारावीत, आणि घर मात्र मुलुंडच्या मिठागरावर. धारावीत ज्या जमिनीवर तो आज राहतो ती वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून आहे. त्याला तेथून हलवल्यावर मोकळी होणारी जागा विक्रीसाठी आहे. मिठागरे घेतली जात आहेत ती घरे बांधण्यासाठी नव्हे, धारावीचा मध्य रिकामा करण्यासाठी. हे जोवर आपण स्पष्टपणे बोलत नाही तोवर 'गरिबांची घरे की निसर्ग' या खोट्या तराजूवर आपल्याला तोलले जाईल.

या तराजूचा इतिहास गिरणगावात सापडतो. मुंबईतील ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या अगदी पोटात होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरवले की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक भाग 'म्हाडा'ला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. ढोबळमानाने तिघांचे तीन वाटे. घर आणि मोकळी जमीन यांचा तोल कागदावर का होईना साधला गेला होता. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या जमिनींचा एकत्रित विचारही करविला गेला. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता केवळ रिकाम्या जमिनीची झाली. गिरणीची जमीन बहुतांशी बांधलेलीच असते. तेव्हा वाटायला उरले काय? शब्द दोन-चार बदलले, आणि शेकडो एकर हातातून गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निर्णय दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, मुंबई टेक्स्टाइल, अपोलो, एल्फिन्स्टन आणि कोहिनूर क्रमांक ३ या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे २,०२० कोटी रुपयांना विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइलचे ७०२ कोटी आले. या जमिनी कोणा सेठाच्या नव्हत्या. राष्ट्रीयीकरणाने त्या जनतेच्या झालेल्या होत्या. परळ-दादरच्या मध्यावरची सार्वजनिक जमीन केंद्राच्या एका हाताने बाजारात विकली, आणि आता घरांसाठी जागा नाही म्हणून केंद्राच्याच दुसऱ्या हातून मिठागर घेतले जात आहे. विकायचे ते मध्यावरचे आणि गरिबासाठी घ्यायचे ते काठावरचे, असा हा व्यवहार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातील अडीच लाख कामगारांचे काय झाले? त्यांच्या वारसांना शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली गेली. गिरणी लोअर परळला, घर वांगणीला! जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेले वृद्ध कामगार आणि त्यांच्या विधवा याच गोष्टीचा निषेध करीत होत्या.

या पराभवात आपला वाटा किती, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. मोकळ्या जागांसाठी पर्यावरणवादी न्यायालयात लढत होते. थकलेली देणी विक्रीच्या पैशांतून मिळतील या आशेने काही कामगार संघटना विक्रीच्या बाजूने उभ्या होत्या. दोघांनाही एकमेकांविषयी संशय होता. आणि आपण, ज्यांनी या दोघांना एका मागणीवर आणायला हवे होते, ते बहुतांशी पत्रके काढीत राहिलो. मिठागरांच्या बाबतीत नेमके तेच पुन्हा घडू पाहत आहे.

याउलट दिंडोशीचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. राज्यकर्त्यांनी त्यातील सवलतींचे दरवाजे बिल्डरांसाठी सताड उघडले, पण मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत तोच कायदा उलट दिशेने वापरला, आणि गोरेगावात अतिरिक्त ठरलेल्या जमिनीवर हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी केली. जमिनीची किंमत बाजाराने ठरवायची नाही, एवढे एक सूत्र पाळले तर घर परवडते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. तो कायदा महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला. कारण असे दिले गेले की कायद्यामुळे जमिनीची टंचाई होते; तो गेला की जमीन मुबलक होईल आणि घरे स्वस्त होतील. स्वस्त झालेले घर कोणाच्या पाहण्यात आले असल्यास त्याने जरूर कळवावे. केंद्राच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने मुंबईत ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद केले होते. घरे कमी नाहीत, ती गुंतवणूक म्हणून कुलूपबंद आहेत. त्यांवर जबर कर का नाही, हा प्रश्न विधिमंडळात विचारायला कोणाची जीभ रेटत नाही.

तेव्हा पक्षाने घ्यावयाची भूमिका माझ्या मते अशी असली पाहिजे. धारावीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे, तळमजल्याचे असो की माळ्याचे, पुनर्वसन धारावीतच झाले पाहिजे, आणि त्यासाठी जागा कमी पडत असेल तर ती विक्रीच्या हिश्श्यातून कापली पाहिजे. मिठागरे सार्वजनिक मालकीतच राहिली पाहिजेत. तेथील मीठ कामगारांच्या पुनर्वसनाचा खर्च कंपनीवर सोपवून शासनाने हात झटकू नयेत. आणि राज्याला जमीन घ्यायचीच असेल तर ती शहराच्या पोटात घ्यावी: बंद कारखान्यांची, महामंडळांकडे उरलेली, सवलतीने घेऊन अटी मोडलेल्या भूखंडांची. अशा प्रत्येक खरेदीत घरांचा आणि मोकळ्या जागेचा वाटा खरेदीच्या करारातच लिहिलेला असावा, म्हणजे पुढे कोणाला 'रिकामी' हा एक शब्द घुसडून तो पुसता येणार नाही.

यातील पहिले काम भांडुप, कांजूर आणि मुलुंडच्या शाखांचे आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी त्यांनी मिठागरांलगतच्या वस्त्यांत फिरून गेल्या पावसाळ्यांत पाणी कोठे, किती आणि किती तास साचले याची घरटी नोंद करावी. धारावीच्या साथींनी माळ्यावरच्या कुटुंबांची यादी तयार करावी. या दोन याद्या हाती घेऊन पहिली सभा मुलुंडला घ्यावी, आणि तीत धारावीचा कारागीर व भांडुपचा कामगार यांना एकाच व्यासपीठावर बोलू द्यावे. सुखवस्तू वसाहतीतील ज्यांना तेथे यायचे असेल त्यांनी यावे. बसायला सतरंजीच मिळेल.