किरणोपचारानंतरची घेरी

कर्करोगाची गाठ गेली म्हणजे रोगी बरा झाला, असे मानून समाज मोकळा होतो. परंतु गाठ गेल्यावर ज्यास अंथरुणावरून उठताच घर फिरू लागते, अंधाऱ्या वाटेवर ज्याचा तोल जातो, त्यास बरा म्हणावयाचे काय?

परंडा तालुक्याविषयी हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत आहो. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीस सुरू झाली आणि बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोगी शोधतात, ही कामगिरी मोलाची आहे. मात्र अशा नोंदणीचे काम मुख्यतः रोग व मृत्यू मोजण्याचे. वाचलेल्यांचे जगणे कसे चालले आहे, याचीही विचारपूस व्हावयास हवी.

नाकामागील घसा, कानाजवळची लालाग्रंथी यांसारख्या ठिकाणच्या कर्करोगावर किरणोपचार करताना अंतःकर्णासही किरण लागू शकतात. मान वळली, शरीर कलले, याची वर्दी तेथील इंद्रिये मेंदूस देत असतात. त्यांस इजा झाली की डोळे एक सांगतात, कान दुसरेच. आणि भोवळ येते. ही इजा कधी महिन्यांनी, कधी वर्षांनीही प्रकट होते. सोबत दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषधही कानास अपाय करू शकते.

म्हणून किरणोपचारास भ्यावे असे मुळीच नव्हे. त्याने असंख्यांचे प्राण वाचले आहेत. आणि यंत्राने बाहेरून किरण घेतलेल्या रोग्यापासून घरच्यांस कोणतीही बाधा होत नाही. प्रत्येक घेरीचे खापर किरणांवर फोडणेही चूक. गिळता न आल्याने होणारी उपासमार, रक्तक्षय, उतरलेला रक्तदाब यांनीही घेरी येते; क्वचित रोग उलटल्याची ती खूण असते. कारणे इतकी निरनिराळी असताना 'अशक्तपणा आहे, जाईल' एवढ्यावर रोग्याची बोळवण करणे आम्हांस अक्षम्य वाटते.

आमची मागणी मोठी नाही. ज्यांच्या कानास किरण लागण्याचा संभव आहे, त्यांचे श्रवण व तोल उपचारापूर्वी आणि नंतर तपासावेत. फेरतपासणीच्या प्रत्येक वेळी 'घेरी येते काय, पडलात काय' हे विचारावे. हेच दोन प्रश्न गावातील आशा सेविकांसही शिकवावेत. तोल सावरण्याचे डोळ्यांचे व मानेचे व्यायाम तालुक्याच्या शासकीय रुग्णालयातच शिकविले जावेत. या व्यायामांनी पुष्कळांस पुन्हा निर्धास्त चालता येते.

शहरात कानाचा तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो. परंड्याच्या मजुरास मात्र एका तपासणीपायी दिवसाची मजुरी गमवावी लागते. म्हणून तो गप्प बसतो आणि कधी तरी पडतो. त्याने तक्रार घेऊन यावे याची वाट न पाहता आरोग्य खात्याने स्वतः त्याच्या दारी जाऊन विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.