रॉटरडॅमला कळायला हवं

जानेवारी उजाडला की नाशिकची द्राक्षं रीफर म्हणजे शीत कंटेनरमधून न्हावा शेवा बंदराकडे निघतात. मालाच्या पुढे धावतो ईमेल. बेलापूरच्या ऑफिसातला मुलगा तो लिहितो, रॉटरडॅमचा डच व्यापारी वाचतो, वाटेतल्या बंदरातून एखादा अरब किंवा चिनी माणूस त्यावर उत्तर धाडतो. इंग्रजी यांच्यापैकी कुणाच्याच घरात बोलली जात नाही, तरी सगळा व्यवहार तिच्यावरच चालतो.

त्या ईमेलमध्ये असतं तरी काय? कंटेनरचा नंबर, जहाजाचं नाव, बंदरात माल पोचवायची शेवटची म्हणजे कटऑफची वेळ, तापमान. द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं, गोठवलेल्या मासळीला उणे 18. आकड्यात गफलत झाली तर कित्येक आठवड्यांच्या प्रवासात माल हातचा जातो. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ असं लिहिलं, तर संध्याकाळ बेलापूरची की रॉटरडॅमची? 03/04 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. उत्तर हवं असेल तर आपण सर्रास ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितो. इंग्लंडच्या माणसाला त्यातून पूर्वीच्या स्थितीला परत जाणं कळतं. ‘पाच लाख’ तर भारतीय उपखंड ओलांडला की बहुतेकांना उमगतच नाही. यात व्याकरणाची चूक एकही नाही, आणि तरी घोटाळा होतो.

दर्यावरच्या लोकांनी हे केव्हाच ओळखलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली. त्यांत दीडशे हा आकडा ‘वन फाइव्ह झीरो’ असा सुटा बोलायचा, ‘मे’, ‘माइट’ असले संदिग्ध शब्द टाळायचे, आणि गरज असेल तिथे आपण सूचना देतोय, इशारा देतोय की विचारतोय, ते आधीच सांगून टाकायचं.

विमानांच्या बाबतीत हे शहाणपण फार महाग पडलं. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, आणि त्याच्या कर्मचाऱ्यांचं तोकडं इंग्रजी हाही चौकशीतला एक मुद्दा होता. 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पातळी गाठावी लागते. त्या कसोटीत उच्चार कुठल्याही देशाच्या वळणाचा चालतो, फक्त समोरच्याला कळायला हवा.

मग बंदराच्या कामातल्या नोकरीसाठी मुलाखतीच्या टेबलावर उच्चाराचा एवढा बाऊ कशासाठी? उरण तालुक्यातल्या गावांनी न्हावा शेवा बंदरासाठी जमिनी दिल्या. तिथल्या मराठी शाळांत शिकलेली मुलं कंटेनर, सीएचए (कस्टम्स हाउस एजंट), शिपिंग बिल यांची नावं ऐकतच मोठी होतात. पहिलं इंग्रजी वाक्य अडखळलं म्हणून त्यांना परत पाठवणं हा उघड अन्याय आहे, आणि धंद्याचंही नुकसानच. परदेशी वळणाचे उच्चार गिरवून घेणाऱ्या क्लासांवर आईबाप पैसे ओततात, पण कामाचा एक नीट ईमेल लिहायला त्या मुलांना कुणी शिकवत नाही.

उरण-पनवेलच्या कॉलेजांत असा ईमेल लिहिण्याचा सराव आठवड्यातून दोनदा सहज होऊ शकतो. एकाने द्राक्षांच्या कंटेनरचा ईमेल इंग्रजीत लिहावा: महिना अक्षरात, वेळ कुठल्या देशाची तेही, तापमान सेल्सिअसमध्ये, एका वाक्यात एकच गोष्ट. दुसऱ्याने तो वाचून आपल्याला काय करायचंय ते मराठीत सांगावं. सांगताना तो अडला, तर पहिल्याने पुन्हा लिहावा.