नादाराला दार कोण उघडणार?

बड्या उद्योगाचे दिवाळे निघाले की त्याच्यासाठी न्यायाधिकरण, तज्ज्ञ आणि ठरलेल्या मुदती अशी सारी व्यवस्था सज्ज असते. सिंदखेड राजा वा मेहकरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने मात्र ‘मी देणे फेडू शकत नाही’ हे कोणापुढे म्हणावे? बँकेपुढे म्हटले तर जप्ती, सावकारापुढे म्हटले तर खरेदीखत आणि गावापुढे म्हटले तर अप्रतिष्ठा! या अप्रतिष्ठेच्या भयाने बुलढाणा जिल्ह्यातील किती संसार उघड्यावर आले, हे वाचकांस सांगावयास नको.

वस्तुतः दार आहे. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये ५०० रुपये वा अधिक देणे असलेला, ते फेडण्यास असमर्थ असा माणूस जिल्ह्याच्या न्यायालयात स्वतः अर्ज करू शकतो. सावकारांची नावे-पत्ते, प्रत्येकाचे देणे आणि आपली मालमत्ता प्रामाणिकपणे लिहावयाची, एवढाच त्याचा गाभा. वकीलपत्र अनिवार्य नाही. शेतकऱ्याचे राहते घर, बैल, औजारे आणि बियाणे यांना दिवाणी संहितेचे संरक्षण आहे. जमीन मात्र सुटत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने गरीब कर्जदारासाठी ‘नवा प्रारंभ’ योजिला. अर्ज स्वतः करण्याची मुभा दिली. पण अटी पाहा: वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, देणे ३५ हजारांच्या आत आणि मालकीचे घर नको! इंग्रजांच्या कायद्याने ज्याचे घर वाचविले, त्याला स्वतंत्र भारताची संहिता घर आहे म्हणून अपात्र ठरविते. शिवाय १ डिसेंबर २०१९ रोजी व्यक्तींविषयीचा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. सामान्य कर्जदार उंबरठ्याबाहेरच राहिला. हा कोणता न्याय?

सावकारीविषयी सत्तेची वृत्ती कशी होती, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. खामगावच्या आमदाराच्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारींत तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी हस्तक्षेप केल्याचा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी राज्य शासनाला १० लाखांचा दंड ठोठावला. त्यानंतर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आला. अवैध सावकाराने कर्जापोटी १५ वर्षांत बळकावलेली जमीन परत मिळावी, यासाठी कर्जदार जिल्हा उपनिबंधकांकडे स्वतः अर्ज करू शकतो. हे किती जणांना ठाऊक आहे?

१८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा परक्या सरकारलाही १८७९ चा कायदा करावा लागला. त्यात नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते आणि गावमुन्सफापुढे वकिलांना मज्जाव होता. ऋणको अडाणी असतो आणि धनको वकील बाळगतो, हे त्या सरकारला कळले होते. आपल्याला केव्हा कळणार?

म्हणून मागणी स्पष्ट आहे: संहितेच्या मर्यादा वाढवा, घराची अट काढा, तो भाग सर्वांना लागू करा आणि अर्जाचे नमुने मराठीत तहसील कार्यालयात ठेवा. तोपर्यंत हे काम समाजाचे आहे. प्रत्येक तालुक्यातील दोन सुशिक्षितांनी अर्ज लिहून देण्याचे व्रत घ्यावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. नादार होणे हे पाप नव्हे. शेजारी बुडत असता काठावर उभे राहणे, हे मात्र निश्चितच पाप आहे.