दूरशिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?

ग्रामीण शाळांतील दूरशिक्षणाला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न, त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा आहे.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. संच सरकारी, सार्वजनिक जागी, बव्हंशी शाळेत बसवलेला. दुरुस्तीची जबाबदारीही शासनाचीच. सकाळचा कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असे. त्याच उपग्रहावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले. म्हणजे शिक्षकाला दूर न सारता त्याचे बळ वाढवले गेले.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हे सूत्र उलटे झाले. धडे शासनाचे, मोबाइल व इंटरनेट मात्र बहुतांशी पालकांच्या खर्चाने. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के कुटुंबांत संगणक. सार्वजनिक शिक्षणाचा भांडवली खर्च असा शेतमजुराच्या खिशावर ढकलला गेला. ज्याला तो झेपला नाही, त्याचे मूल वर्गाबाहेर राहिले.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती सरकारकडे. पालकांच्या ऐपतीवर त्यांनी ती सोडली नव्हती. कार्यकर्त्यांनी आज तीच भूमिका घ्यावी. संच, वीज, जोडणी आणि दुरुस्ती शासनाच्या खर्चाने शाळेतच झाली पाहिजे, आणि त्यापोटी शिक्षकाचे एकही पद रद्द होता कामा नये.